कायदा मंजूर झाल्यावरची गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत मोठ्या बँकांच्या लोकांकडून निवडणुकीसाठी पैसे घेणारे नेतेच बँकांना वेसण घालायच्या गोष्टी करतात, तर त्यांच्यावर विश्वास ठेवावा का? की खाल्ल्या मिठाला ते जागणारच? आणि बँकांचा पैसा नाकारणाऱ्या उमेदवारांचं काय?

आधी उत्तर देतो, मग कारणं. कायदा मंजूर होण्याच्या दिवसापर्यंत बऱ्याच वेळा विश्वास ठेवता येतो. दुसऱ्या दिवसापासून ठेवू नये. मिठाला जागायची वेळ मतदानाच्या दिवशी क्वचितच येते. ती नंतर येते, कॅमेरे निघून गेल्यावर.

हे मी बाहेरून बघून सांगत नाही. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या बँकेत मी कंप्लायन्स विभागात, म्हणजे बँक नियम पाळते की नाही ते बघणाऱ्या विभागात, १६ वर्षं काढली. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली तेव्हा मला तिथे लागून दोन वर्षं झाली होती. २०१० नंतरचं माझं बरंचसं काम म्हणजे सरकारी नियमांच्या मसुद्यांवर बँकेच्या वतीने हरकती आणि सूचना लिहिणं. ज्या गोष्टीची तुम्हाला शंका येते आहे, तिचा मी पगारी कारकून होतो म्हणा ना.

पैशाबद्दलचा एक गोंधळ आधी दूर करू. अमेरिकेत बँकेला, किंवा कुठल्याही कंपनीला, आपल्या तिजोरीतून थेट उमेदवाराला पैसे देता येत नाहीत. ही बंदी १९०७ पासून आहे. ‘गोल्डमन सॅक्सने २००८ मध्ये ओबामांना १० लाख डॉलर दिले’ असं जे वाचायला मिळतं, ती खरं तर तिथे नोकरी करणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आपापल्या खिशातून दिलेल्या देणग्यांची बेरीज असते. २०० डॉलरच्या वर देणाऱ्याला आपण कुठे काम करतो ते लिहून द्यावं लागतं, त्यावरून ही बेरीज निघते. याखेरीज बँकेची पीएसी असते, म्हणजे राजकीय कृती समिती. तिच्यात अधिकारी पगारातून पैसे टाकतात आणि ती एका उमेदवाराला एका निवडणुकीत ५,००० डॉलरपर्यंत देऊ शकते. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक आणि मुख्य निवडणूक वेगळी धरली तर १०,०००. सुप्रीम कोर्टाच्या २०१० मधल्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर सुपर पीएसींचा, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून प्रचार करणाऱ्या समित्यांचा, अमर्याद पैसा आला हे खरं, पण तो मुख्यतः अतिश्रीमंत व्यक्तींचा असतो. नावाजलेल्या बँका तिथे आपली पाटी लावायला कचरतात.

आता १०,००० डॉलरमध्ये काही सिनेटर विकत मिळत नाही. त्याच्या प्रचाराचा खर्च कोटींमध्ये जातो. मग मिळतं काय? आमच्याकडे दरवर्षी पीएसीचं पत्रक टेबलावर यायचं, वर ‘ऐच्छिक’ असं ठळक अक्षरात छापलेलं. कुणाला किती दिले ती यादी सार्वजनिकच असते. मी ती पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा दोन गोष्टी डोळ्यात भरल्या. पैसे दोन्ही पक्षांना होते, आणि बँकिंगच्या समितीवर बसणाऱ्यांना जरा सढळ हाताने. दुसरी गोष्ट तारखांची. काही देणग्या निवडणूक उरकल्यानंतरच्या होत्या, निवडून आलेल्याच्या प्रचाराचं कर्ज फेडायला मदत म्हणून. हरलेल्याच्या कर्जाची चिंता कुणालाच नव्हती. जिंकवण्यासाठी पैसे देणारा माणूस निकालाची वाट बघत बसत नाही. हे पैसे फोन उचलला जावा म्हणून दिलेले असतात.

आणि फोन उचलला जातो. बास, एवढंच. पण या ‘एवढंच’मध्ये पुढचं सगळं येतं.

ओबामांचंच बघा. २००८ मध्ये वॉल स्ट्रीटने त्यांना भरभरून दिलं. त्यांनी २१ जुलै २०१० रोजी डॉड-फ्रँक कायद्यावर सही केली, १९३० च्या दशकानंतरचा बँकांवरचा सगळ्यात मोठा कायदा. ग्राहकांसाठी स्वतंत्र संरक्षण संस्था आली, डेरिव्हेटिव्हचे (दुसऱ्या कशाच्या तरी भावावर किंमत ठरणारे) सौदे उघड्यावर आले, संकट आलं तर बँक तग धरेल का हे बघणाऱ्या ताण-चाचण्या मोठ्या बँकांसाठी दरवर्षी सुरू झाल्या. बँकवाले इतके रागावले की २०१२ मध्ये तोच पैसा त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी यांच्याकडे वळला. मीठ खाऊन न जागल्याचं याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडायचं नाही. म्हणून ‘सगळे विकले गेलेत’ असं कुणी म्हटलं की मी मान डोलावत नाही.

पण त्या कायद्यात काय आलं नाही, तेही बघावं लागतं. ६ मे २०१० च्या दुपारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार काही मिनिटांत जवळजवळ हजार अंकांनी कोसळून सावरला. त्याच संध्याकाळी सिनेटमध्ये एका दुरुस्तीवर मतदान झालं. शेरॉड ब्राउन आणि टेड कॉफमन या दोन डेमोक्रॅट सिनेटरांनी ती मांडली होती. बँकेच्या आकारालाच मर्यादा घालायची, म्हणजे सहा महाबँकांचे तुकडे करावे लागले असते. दुरुस्ती ३३ विरुद्ध ६१ अशी पडली, आणि विरोधात ओबामांच्याच पक्षाचे पंचवीसेक जण होते. यात एक बारीक गोष्ट आहे जी मला आजही महत्त्वाची वाटते. कॉफमन हे जो बायडेन यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर नेमले गेले होते आणि पुढची निवडणूक लढवणार नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. म्हणजे त्यांना एका डॉलरचीही देणगी गोळा करायची नव्हती. डेलावेअरसारख्या, क्रेडिट कार्ड कंपन्यांचं माहेर असलेल्या राज्याचा सिनेटर इतकी कडक दुरुस्ती मांडतो, त्याचा आणि याचा काहीच संबंध नाही असं म्हणणं मला जड जातं.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. डॉड-फ्रँक कायदा साडेआठशे पानांच्या आसपास आहे, पण त्यातल्या बऱ्याच कलमांमध्ये फक्त ‘याबाबत नियम संबंधित संस्थांनी करावेत’ एवढंच म्हटलंय. नियम करायचे फेडरल रिझर्व्ह (मध्यवर्ती बँक), एसईसी (शेअर बाजाराची नियामक संस्था), सीएफटीसी (वायदे आणि डेरिव्हेटिव्हची नियामक संस्था) वगैरेंनी. मसुदा निघतो, साधारण ६० दिवस कुणालाही हरकती पाठवता येतात. ‘कुणालाही’ हे झालं कागदावर. प्रत्यक्षात वेळ, वकील आणि आकडेवारी ज्याच्याकडे असते तोच लिहितो.

व्होल्कर नियम तुम्ही ऐकला असेल. ठेवीदारांच्या सुरक्षित पैशाच्या जोरावर बँकेने स्वतःसाठी सट्टा खेळू नये, हा त्याचा गाभा. मूळ कायद्यात तो दहा-अकरा पानांचा. त्यात एक सूट होती: बँकेने आपली जोखीम कमी करण्यासाठी केलेले हेजिंगचे सौदे चालतील, मग ती जोखीम एकेका सौद्याची असो किंवा ‘एकत्रित’ सौद्यांची. या ‘एकत्रित’ शब्दावर आमच्या खोलीत किती तास गेले ते सांगून खरं वाटणार नाही. कारण हा एक शब्द ताणला की संपूर्ण बँकेचा पोर्टफोलिओ, म्हणजे तिची सगळी कर्जं आणि गुंतवणुका मिळून, ही एकच जोखीम ठरते. आणि मग जगात मंदी येईल असा पैज लावल्यासारखा सौदा केला, तरी त्याला ‘आमच्या सगळ्या कर्जांवरचं हेजिंग’ म्हणता येतं. ग्यानबाची मेख ती हीच. २०११ च्या मसुद्यात पोर्टफोलिओ हेजिंगला वाट मिळाली. आम्ही खूश. मी लिहिलेलं पत्र २० पानांचं होतं, त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि ‘सट्टा’ हा शब्द कुठेच नव्हता.

मग एप्रिल-मे २०१२ मध्ये जेपी मॉर्गन चेसच्या लंडनमधल्या सौद्यांची बातमी फुटली. बाजारात त्या ट्रेडरला ‘लंडन व्हेल’ म्हणायचे. बँकेचं म्हणणं, हे हेजिंग होतं. तोटा शेवटी ६ अब्ज डॉलरच्या वर गेला. डिसेंबर २०१३ मध्ये अंतिम नियम आला तेव्हा पोर्टफोलिओ हेजिंगची वाट बंद झालेली होती. कुठली नेमकी, ओळखता येईल अशी जोखीम कमी होते आहे ते दाखवा, अशी अट आली. अंतिम नियम स्पष्टीकरणासकट नऊशे पानांच्या वर गेला होता. या दोन-अडीच वर्षांत देणगी घेतलेल्या किंवा न घेतलेल्या किती नेत्यांनी त्या एका शब्दाबद्दल तोंड उघडलं? कार्ल लेव्हिन आणि जेफ मर्कली या दोन सिनेटरांनी नेटाने लावून धरलं, कलम मुळात त्यांचंच होतं. बाकी फार थोडे. ते भ्रष्ट होते म्हणून नव्हे. त्यांना तो शब्द तिथे आहे हेच माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना तो समजावून सांगायला आमचेच लोक गेले होते. फोन उचलला जातो म्हणजे काय, तर हे.

कायदा झाल्यावर तो कसा कुरतडला जातो याचा धडाच हवा असेल तर डॉड-फ्रँकचं कलम ७१६ घ्या. आर्कान्सॉच्या सिनेटर ब्लांश लिंकन या काही बँकांच्या शत्रू नव्हत्या. पण २०१० मध्ये पक्षातूनच डाव्या बाजूचा तगडा प्रतिस्पर्धी उभा राहिला आणि त्यांनी सगळ्यांना चकित करणारं कडक कलम आणलं: सरकारी ठेव विम्याचं छत्र असलेल्या बँकेने जोखमीचे डेरिव्हेटिव्ह वेगळ्या कंपनीत हलवावेत. वाटाघाटीत ते थोडं पातळ झालं, पण कायद्यात आलं. लिंकन नोव्हेंबरमध्ये हरल्या. कलमाला वाली उरला नाही. २०१३ मध्ये ते जवळजवळ निकामी करणारं विधेयक प्रतिनिधीगृहात आलं, आणि न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की ८५ ओळींच्या त्या मसुद्यातल्या ७० हून अधिक ओळींमध्ये सिटीग्रुप या महाबँकेच्या सूचना उतरल्या होत्या. सिनेटमध्ये ते अडलं. मग डिसेंबर २०१४ मध्ये, सरकारचं कामकाज ठप्प होण्याची तारीख तोंडावर आलेली असताना, तीच दुरुस्ती सरकारच्या एकूण खर्चाच्या अवाढव्य विधेयकात बसवली गेली. विरोध करायचा तर सरकार बंद पाडावं लागणार. सही ओबामांचीच झाली, २०१० च्या कायद्यावर ज्यांची होती त्यांचीच.

२०१८ चा किस्सा तर याहून सरळ. डॉड-फ्रँकमध्ये ५० अब्ज डॉलरच्या वरच्या बँकांवर जास्त कडक देखरेख होती. हा आकडा २५० अब्जांवर नेणारा कायदा मे २०१८ मध्ये झाला. सिनेटमध्ये ६७ विरुद्ध ३१, म्हणजे दोन्ही पक्षांची मतं. भाषणं सगळी गावोगावच्या छोट्या बँकांवर होती. छोट्या बँकेला कागदपत्रांचा ताप होतो हे मी शपथेवर सांगेन, पण २०० अब्जांची बँक छोटी कशी? सिलिकॉन व्हॅली बँकेच्या प्रमुखांनी २०१५ मध्येच सिनेटच्या समितीला लेखी निवेदन दिलं होतं की ५० अब्जांची मर्यादा वाढवा. त्यांची बँक तेव्हा त्या उंबरठ्याच्या आत होती आणि वाढत होती. मार्च २०२३ मध्ये ती बुडाली तेव्हा सुमारे २०९ अब्जांची होती, आणि बुडण्याच्या आदल्या एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज काढायला घातले होते. सगळा दोष त्या कायद्याचा नाही. व्यवस्थापन गाफील होतं, फेडरल रिझर्व्हचे तपासनीस संथ होते, आणि फेडने एप्रिल २०२३ च्या आपल्या अहवालात दोन्ही कबूल केलंय. पण सैल झालेल्या नियमांनी देखरेखीची धार गेली हेही त्यात लिहिलंय.

त्याच आठवड्यात सिग्नेचर बँकही बुडाली. तिच्या संचालक मंडळावर २०१५ पासून कोण होतं? बार्नी फ्रँक. डॉड-फ्रँकमधले फ्रँक. ५० चा आकडा फार खाली ठेवला गेला, असं ते स्वतःही म्हणत आले होते. मला हा माणूस लबाड वाटत नाही. पण संसदेतून निवृत्त झाल्यावर तुमचं रोजचं उठणं-बसणं कुणाबरोबर असतं त्यावर तुमचं मत हळूहळू ठरतं, आणि हे देणगीच्या कुठल्याही यादीत दिसत नाही.

इथे लोक लगेच म्हणतात, मग बँकेतून आलेल्या माणसांना सरकारात घेऊच नका. रॉबर्ट रुबिन यांचं नाव निघतं: गोल्डमन सॅक्सहून अर्थमंत्री, ठेवींच्या बँका आणि शेअर बाजारातल्या बँका वेगळ्या ठेवणारी १९३३ ची ग्लास-स्टीगलची भिंत पाडायला अनुकूल, आणि १९९९ मध्ये ती पडली त्याच वर्षी सिटीग्रुपमध्ये दाखल. नाव निघायलाच हवं. पण मग गॅरी गेन्सलर यांचं काय करायचं? गोल्डमनमध्ये १८ वर्षं, भागीदार. २००० साली अर्थखात्यात असताना डेरिव्हेटिव्ह मोकळे सोडणाऱ्या कायद्याच्या बाजूने उभे. २००९ मध्ये त्यांची सीएफटीसीवर नेमणूक झाली तेव्हा डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांनी ती याच कारणाने अडवून धरली. आणि त्याच गेन्सलर यांनी पुढच्या पाच वर्षांत आम्हाला जेवढं सळो की पळो करून सोडलं तेवढं दुसऱ्या कुणीही नाही. आमचे वकील बैठकीत काय लपवणार हे त्यांना आधीच ठाऊक असायचं, कारण एके काळी ते टेबलाच्या याच बाजूला बसायचे. रूझवेल्ट यांनी १९३४ मध्ये जोसेफ केनेडी या मुरलेल्या सटोडियाला एसईसीचा पहिला अध्यक्ष केलं त्यामागे हाच काट्याने काटा काढायचा हिशेब होता. उलट, ओबामांचे पहिले अर्थमंत्री टिमोथी गाइथनर सरकारात येण्याआधी एक दिवसही बँकेच्या नोकरीत नव्हते, आणि ब्राउन-कॉफमन दुरुस्तीला त्यांच्या अर्थखात्याने पाठबळ दिलं नाही.

मग सुधारणा होतात तरी कशा? माझ्या बघण्यात एक हमखास वाट आहे: बँकेच्या पैशाला दुसऱ्या कुणाचा तरी पैसा आडवा येतो तेव्हा. इलिनॉयचे सिनेटर डिक डर्बिन यांनी एप्रिल २००९ मध्ये रेडिओवर उघड सांगितलं होतं की संसदेची मालकी बँकांचीच आहे. त्याच महिनाअखेर, बुडीत घरकर्जाची रक्कम न्यायालयाला कमी करू देणारी त्यांची दुरुस्ती ४५ विरुद्ध ५१ अशी पडली. पुढच्याच वर्षी, त्याच सभागृहात, त्याच डर्बिन यांनी दुकानदारांकडून डेबिट कार्डवर कापल्या जाणाऱ्या शुल्काला मर्यादा घालणारी दुरुस्ती मांडली आणि ती ६४ मतं मिळवून पास झाली. फरक काय पडला? घर जाणाऱ्या कुटुंबांची लॉबी नसते. दुकानदारांची असते, मोठमोठ्या साखळी दुकानांसकट. आमच्या बँकेत त्या दिवशी जसं सुतक पडलं होतं तसं मूळ डॉड-फ्रँकच्या दिवशीही पडलं नव्हतं. १९३३ मध्येही हेच झालं होतं. सिनेटच्या चौकशीत तिचे वकील फर्डिनांड पेकोरा यांनी बँकवाल्यांची अब्रू चव्हाट्यावर आणली हे खरं. पण चेस नॅशनल बँकेच्या विन्थ्रॉप ऑल्ड्रिच यांनी स्वतःहून विभाजनाला पाठिंबा दिला, कारण त्याने प्रतिस्पर्धी मॉर्गन घराण्याच्या बँकेला जास्त चटका बसणार होता.

आता बँकांचा पैसा नाकारणाऱ्या उमेदवारांबद्दल. नाकारणं चांगलंच, फोनची रांग तरी बदलते. पण ती हमी नव्हे. २०१६ मध्ये ट्रम्प आपण आपल्याच पैशाने लढतोय असं सांगत गोल्डमन सॅक्सवर तोंडसुख घेत होते, आणि हिलरी क्लिंटन यांनी तिथे तीन भाषणांचे ६,७५,००० डॉलर घेतले म्हणून त्यांना झोडपलं जात होतं. त्या वर्षी दोन्ही पक्षांच्या जाहीरनाम्यांत ग्लास-स्टीगलची भिंत पुन्हा उभारू असं लिहिलेलं होतं. ट्रम्प निवडून आले, अर्थमंत्री स्टीव्हन म्नुशिन आणि आर्थिक सल्लागार गॅरी कोहन दोघेही गोल्डमनचे माजी. भिंतीची एक वीटही कुणी रचली नाही.

तर उमेदवाराला नेमकं काय विचारावं? देणगीची यादी हातात घेऊन भांडू नका, त्याला त्यांच्याकडे तयार उत्तर असतं. मी असतो तर डॉड-फ्रँकच्या कलम ९५६ बद्दल विचारलं असतं. बँक अधिकाऱ्यांना अविचारी जोखीम घ्यायला उद्युक्त करणारे बोनस बंद करायचे, असं ते कलम आहे. सहा संस्थांनी मिळून ९ महिन्यांत नियम करायचा होता. मसुदा २०११ मध्ये निघाला, पुन्हा २०१६ मध्ये निघाला, काही संस्थांनी २०२४ मध्ये पुन्हा काढला, अंतिम नियम काही झाला नाही. भिजत घोंगडं म्हणजे किती भिजावं! कलम रद्द करा असं भाषण आजवर कुणी केल्याचं मला आठवत नाही. त्याची गरजच पडली नाही. समोरच्या नेत्याला विचारा, ९५६ चं काय झालं? तो स्वतः उत्तर देतो की मागे उभ्या असलेल्या सहायकाकडे वळून बघतो, ते बघा.